बरं आहे म्हणायची सवय

अपील फेटाळल्याचा कागद हातात पडला तेव्हा मी रडले नाही. परतीची एसटी चुकली असती. यजमानांच्या दिव्यांग प्रमाणपत्रासाठी मी दोन वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी हेलपाटे घालत होते. घराची कौलं परतताना ते पडले, मणक्याला मार बसला आणि साजगावच्या कारखान्यातली नोकरी सुटली. पहिल्या तपासणीत अनुदानाला लागणाऱ्या टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व निघालं, म्हणून अपील केलं. तेही गेलं. प्रमाणपत्र नाही म्हणजे दरमहाचं अनुदान नाही. घर माझ्या शिवणयंत्रावर चाललं होतं आणि माझे खांदे, डोळे आता साथ सोडायला लागले होते.

मी फारशी देवभोळी नाही. संकष्टीचा उपास, सणाला नैवेद्य, एवढंच. माझा भरवसा कागदावर. सगळ्या प्रती नीट लावलेल्या, सह्या जागच्या जागी. तरी हे झालं, तेव्हा देव राहू दे, माझा स्वतःवरचाच विश्वास उडाला. एसटीत एकच विचार होता, कडावला घरी जाऊन यांना काय सांगायचं? ते दारात खुर्ची टाकून बसलेले असणार. खोपोली जवळ आली तशी मी महडच्या फाट्यावर उतरले. दर्शनाला उतरले असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला फक्त घरी पोचायला उशीर करायचा होता.

वरदविनायकाच्या देवळात दुपारची गर्दी नव्हती. मी खांबाला टेकून बसले आणि हात जोडायचे सोडून तो कागद पुन्हा वाचायला लागले. शेजारी एक म्हातारी दुर्वांच्या जुड्या बांधत बसली होती. थोडा वेळ माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं बाय, देवाला सोडून कागदाचं दर्शन घेतेस व्हय? वाच की मोठ्यानं. मला नाय येत वाचता."

का कोण जाणे, मी वाचलं. रुग्ण आधाराशिवाय चालतो. तक्रार विचारली असता, देवाच्या कृपेने बरे आहे, असे रुग्णाने स्वतः सांगितले.

म्हातारी खुदकन हसली. "बरा हाय म्हनतोय, मग भांडतेस कशाला?"

मला राग आला. म्हटलं, "बरे कसले? दहा पावलं चालले की उजवा पाय जातो. मोरीत धरून न्यावं लागतं."

"मग डाक्टरला का नाय सांगितलंन?"

या प्रश्नाचं उत्तर मला दोन वर्षं माहीत होतं, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा तोंडातून काढलं. मीच नको म्हटलं होतं. तपासणीसाठी यांना नवा शर्ट शिवला, दाढी करायला लावली. काठी बाहेरच्या बाकावर ठेवायला लावली, कारण काठी टेकत गेलं की लाचार दिसतं. मोठ्या माणसांपुढे रडगाणं गायचं नाही, असंही बजावलं होतं. यांनी सगळं ऐकलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा दहाच पावलं, पण ताठ चालले. दारातून बघताना मला अभिमान वाटला होता.

"आमचा म्हातारा तसाच," ती म्हणाली. "डोळं गेलं तरी सायबाला म्हनला, दिसतंय की! मी म्हनलं, सायेब, आवाजावरनं वळखतोय तो." मग दोरा दातांनी तोडत म्हणाली, "अपील गेलं म्हंजे मानूस गेला नाय गं. तुमच्या डाक्टरला दाखव. तरास वाढला असंल तर नवे कागद घे, नव्यानं तपासा म्हन. आमी तसंच केलं. आन् रोज काय जमत नाय ते लिवून ठेव. तुला लिवता येतंय, मला कुठं येत व्हतं!" मग तिने विचारलं, "देवाला तरी खरं सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. त्याच्यापुढेही मी रोज, सगळं ठीक आहे, असंच ठेव, एवढंच म्हणत आले होते. तिने एक जुडी माझ्या हातात दिली आणि मानेने गाभाऱ्याकडे खूण केली. मी उभी राहिले आणि म्हटलं, मला आता यांना उचलवत नाही. मी दमले आहे. पुढचं मला सुचत नाही. काही मागितलं नाही. परत आले तेव्हा म्हातारी नव्हती. जेवणाची वेळ होती, घरी गेली असेल. पुढे दोनदा गेले, पण भेटली नाही. ती कोण होती यावर मी डोकं शिणवत नाही. त्या दुपारी ती तिथे बसली होती, इतकं मला पुरतं.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे गेलं."

"दोघांमुळे. शर्ट मी शिवला होता."

रोज काय जमत नाही ते लिहायला एक वही केली. पहिल्या दिवसापासून यांची कुरकुर. "माझ्या पडण्याचं प्रगतिपुस्तक करतेस काय?" मी लिहीत राहिले. पंधरा दिवसांनी स्वतःच म्हणाले, "अगं, आजचं राहिलं. तू दुकानात गेली होतीस तेव्हा पायरीवर गुडघा दुमडला." त्या दिवशी मात्र मी मशीनवर डोकं टेकून रडले.

कर्जतच्या डॉक्टरांनी वही शेवटपर्यंत वाचली, पाय तपासला आणि शिरांची चाचणी करून घेतली. पायातली ताकद आणखी कमी झाली होती. त्यांनी तसं लिहून दिलं आणि आम्ही फेरतपासणीचा अर्ज केला. या वेळी हे रोजच्या पायजम्यात, काठी घेऊन तपासणीच्या खोलीत गेले. मला बरोबर येऊ दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास आहे?" हे म्हणाले, "साहेब, मोरीत बायको नेते. ती घरी नसली की मी सकाळपासून पाणीच पीत नाही."

हे वहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं.

निकाल यायचा आहे. या वेळीही नाही म्हणू शकतील, ते माझ्या हातात नाही आणि आता मी ते हातात धरूनही बसत नाही. पण कपडे पोचवायला बाहेर पडण्याआधी मी शेजारच्या भावजींना हाक मारते. ते येऊन बसतात, यांना धरून नेतात आणि तांब्याभर पाणी पाजतात. शेजारच्या माणसाकडे एवढं मागायला मला दोन वर्षं लागली. मागायचं तोंड गणपतीने दिलं, असं मी मानते, आणि रोज त्याचे आभार मानते.