हसू नका म्हणणारे फोटोवाले काका

फोटोवाल्याचं खरं नाव पाटीवर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं होतं, पण पाट्या वाचतो कोण? गल्लीत सगळे त्यांना हसूनका काका म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच्या मेहनतीनं कमावलं होतं. दुकान एका सरकारी कचेरीसमोर, आणि कचेरीला लागायचे ओळखपत्राचे फोटो. कान दिसले पाहिजेत, तोंड मिटलेलं पाहिजे, दात दिसले की फोटो परत. त्यामुळे स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला काका तीस वर्षं एकच वाक्य ऐकवत आले, “हसू नका.” आणि माणसाची जातच अशी, की एरवी ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, तोही हे ऐकलं की फिस्सकन हसतो.

पुढे कचेरीनं आपल्याच खिडकीत कॅमेरा बसवला आणि काकांचं स्टूल रिकामं पडलं. तेव्हा काकूंनी सांगितलं, “आता अख्ख्या कुटुंबांचे फोटो काढा.” काकांना धडकीच भरली. एका माणसाला गप्प बसवणं वेगळं, सात जणांना एकदम कोण आवरणार? पहिलं वर्ष तसंच गेलं. बाप घड्याळाकडे बघतोय, आई पोराची कॉलर ओढतेय, पोर भोकाड पसरतंय, आणि काका आपले “इकडे बघा, इकडे बघा” करत घामाघूम. काकू गल्ल्यावर बसून हे सगळं बघत होत्या. त्यांचं म्हणणं एकच, “ही माणसं फोटोला येत नाहीत हो. घरचं भांडण अर्धवट सोडून येतात.”

मग काकूंनी सूत्रं हाती घेतली. फोनवर वेळ देताना त्या दोनच गोष्टी विचारायच्या. माणसं किती, आणि घरात सगळ्यात आधी कोण वैतागतं? पहिल्या प्रश्नाला लोक बोटं मोजत, दुसऱ्याचं उत्तर मात्र जिभेवर तयार असे. उपाशीपोटी यायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती. नवे बूट, टोचणारे कपडे घरी ठेवायचे. आल्यावर अर्धा तास कॅमेऱ्याला हात लागायचा नाही, नुसता चहा आणि गप्पा. जो वैतागणारा म्हणून आधीच जाहीर झाला असेल, त्याला काकू खुर्च्या मांडायला लावायच्या. हाताला काम मिळालं की तो निम्मा शांत होतो, हा त्यांचा अनुभव.

आणि शेवटी काका आपलं जुनं हत्यार काढायचे. कपाळाला आठ्या घालून, कचेरीतल्या साहेबासारखा आवाज काढून म्हणायचे, “कुणीही हसायचं नाही. दात दिसले तर फोटो परत.” एक क्षण सगळे बावचळायचे, मग कुणीतरी फुटायचं, आणि त्याच्या मागून सगळं घर. सुंठीवाचून खोकला जायचा. आपल्या या युक्तीवर काका भलतेच खूश होते, इतके की काकू कधीकधी म्हणायच्या, “एक दिवस अंगाशी येईल.”

तो दिवस एका रविवारी सकाळी आला. चौघं होते. मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि मुलाची आई. मुलानं फोनवर सांगितलं होतं, “चारच माणसं, आणि आधी वैतागतो तो मीच.” त्यापलीकडे काही नाही. त्यानं निमूटपणे खुर्च्या मांडल्या. सून दारापाशी काकूंच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. नातीला मोरीत जायचं होतं, एवढंच. आजी मधल्या खुर्चीत बसल्या. पाठ ताठ, पदर नीट, नजर समोर. चहाच्या वेळीही त्या फारशा बोलल्या नव्हत्या. काकांना वाटलं, स्वभावानंच कडक दिसतात. कडक माणसं तर त्यांची लाडकी. एकदा फुटली की धरण फुटल्यासारखी हसतात.

काकांनी आठ्या घातल्या आणि थेट आजींवर नजर रोखली. “आजी, तुम्हाला खास सांगतोय. हसायचं नाही हं. अजिबात नाही.”

मुलगा खुसखुसला. सून हसली. आजी मात्र सावकाश उठून उभ्या राहिल्या.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “तू मघाशी दारात या बाईंना हेच सांगत होतीस का? हसताना म्हातारीचं तोंड वाकडं होतं, तिला हसू देऊ नका म्हणून? घरीच सांगायचं होतंस. मी आले नसते.”

बोलताना त्यांच्या ओठांची डावी बाजू जागची हलली नाही. ते काकांना आत्ता दिसलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे चेहरे न्याहाळून पोट भरलं, आणि अर्धा तास समोर बसलेला चेहरा नीट पाहिला नाही! सून तर रडकुंडीला आली. “आई, शपथ घेऊन सांगते, मी फक्त मोरी कुठे ते विचारत होते.”

नात पुढे झाली आणि काकांना जाब विचारू लागली. “आजारी पडल्यापासून आमची आजी आठ महिने हसायला शिकतेय! रोज आरशासमोर बसते. गाल फुगवते, शिट्टी वाजवते. मी आकडे मोजते. सगळं या फोटोसाठी. आणि तुम्ही तिला हसू नको म्हणता?”

“चूक माझी,” काका म्हणाले. “मला कुणीच काही सांगितलं नव्हतं. मी हे सगळ्यांनाच म्हणतो, आजी.”

“असं कुणी सगळ्यांना म्हणतं का?” आजी म्हणाल्या. पिशवी त्यांनी खांद्याला लावलीसुद्धा होती.

आता काकू गल्ल्यावरून उठल्या. “म्हणतात हो, आजी. मलाही म्हणाले होते. पस्तीस वर्षं होतील आता. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा होता म्हणून मी याच दुकानात आले. हे म्हणाले, हसू नका. मी हसले. तीनदा फोटो बिघडला. चौथा फुकट काढून देतो म्हणाले, उद्या या. मी दुसऱ्या दिवशी आले, ती अजून इथेच आहे. आणि ती नोकरी राहिलीच.”

आजींनी काकांकडे पाहिलं. पन्नाशी कधीच ओलांडलेला तो गृहस्थ कानापर्यंत लाल झाला होता. एवढा खरा लाल रंग कुणाला ठरवून आणता येत नाही. आजींनी पिशवी काढून सुनेच्या हातात दिली. “बस गं,” त्या म्हणाल्या, “माझंच डोकं फिरलं.” आणि परत मधल्या खुर्चीत बसल्या.

“आज मी काही सांगणार नाही,” काका म्हणाले. “तुमचं झालं की बोट वर करा. मग मी बटण दाबेन.”

“वेळ लागतो मला.”

“लागू दे.”

आजींनी डोळे मिटले, उघडले, आणि सुरुवात केली. उजवी बाजू लगेच वर गेली. डावी तशीच राहिली. नात पुटपुटत मोजू लागली, एक, दोन, तीन. एरवी सगळ्यात आधी वैतागणारा मुलगा श्वास रोखून आईकडे पाहत होता. सुनेनं सासूच्या खांद्यावर ठेवलेला हात नकळत घट्ट झाला होता. कॅमेऱ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि काकांनी “इकडे बघा” म्हटलं नाही. अकराला आजींचा डावा गाल थरथरला. चौदाला ओठाचं टोक हललं, वर गेलं, तांदळाच्या दाण्याएवढं. आजींनी बोट वर केलं.

काकांनी एकच फोटो काढला. कॅमेरा घेऊन ते आजींजवळ गुडघ्यावर बसले आणि त्यांना फोटो दाखवला. आजींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. स्वतःच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूवर बोट ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मुलानं घाबरत विचारलं, “आई, आवडला नाही का? परत काढायचा?”

“काढायचा तर,” आजी म्हणाल्या. “पण आज नाही. सहा महिन्यांनी. तोवर अजून वर जाईल.” आणि काकूंकडे वळून म्हणाल्या, “वेळ लिहून घ्या. माणसं चारच. वैतागणारं कुणी नाही.”