गेटपासवरचे चार बावन्न

भूत, भविष्य, ग्रहतारे... आपण या भानगडीत कधीच नव्हतो. मी सांगलीचा. विश्वास दोनच गोष्टींवर — सर्व्हरचा लॉग आणि आईच्या हातची आमटी. तरीही हे वाचाच.

चंदीगडला लागून मोहाली, तिथे नॉलेज सिटीच्या बाजूला एक लॅब आहे. नाव नाही सांगत. तिथल्या मेल सर्व्हरला त्याचाच डेटाबेस सकाळपासून दारात उभं करत नव्हता. तिथल्या जोशी मॅडमनी दोन वर्षं खपून लिहिलेला संशोधनाचा प्रस्ताव पाचच्या आत मेलने जायलाच हवा होता. नाहीतर सगळं पाण्यात. म्हणून दुरुस्तीला मला बोलावलं.

गेटवर पहारेकरी बलबीरसिंगजी. मोबाईल, पेन ड्राइव्ह, घड्याळ... सगळं जमा. अंगावर कपडे ठेवले हीच कृपा! मग यादीवर बोट ठेवलं.

"बाहर का आदमी — मना है जी."

"पाजी, नीचे मेरा नाम है ना!"

"मैं ऊपर से पढ़ता हूँ. जो पहले मिल गया, वहीं रुक जाता हूँ."

मॅडमनी येऊन माझं नाव सगळ्यात वर लिहिलं, तेव्हा दुपारी तीनला सुटलो. बलबीरसिंगजींनी पास फाडून दिला आणि त्यावर माझी बाहेर पडण्याची वेळही शाईने भरून टाकली — ४:५२.

"पाजी, आधे घंटे का काम है!"

"देखते हैं जी."

आत माझ्यासाठी नेट नाही, फोन नाही. पासवर्ड हजार वेळा — बरं, सात वेळा — तपासला. बरोबर! तरी उत्तर एकच, प्रवेश नाही.

"साडेचार झाले रे," मॅडम म्हणाल्या.

वैतागून खिशातला पास काढला... आणि यादीवरचं ते बोट आठवलं. डेटाबेसची परवानग्यांची फाइल उघडली. 'सगळ्यांना मनाई' वर, मेल सर्व्हरची परवानगी खाली! हाही बलबीरसिंगजींचाच भाऊ — पहिली ओळ जुळली की थांबला. ओळ वर घेतली, आणि...

"गेला रे, गेला!" मॅडम रडत हसत होत्या.

निघालो. वाटेत बुटाची नाडी सुटली, पाणी प्यायलो, एका मांजराशी बोललो. गेटवरच्या घड्याळात — चार बावन्न!

"पाजी, कैसे?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. "मैंने लिख दिया, आप आ गए."

मॅडम म्हणतात, त्यांनी पासवर लिहिलेली वेळ आजवर कुणाचीच चुकलेली नाही. कसं, ते मला आजही सांगता येत नाही. पण काम किती वेळात होईल असं साहेबांनी विचारलं, की मी म्हणतो — थांबा सर, गेटवर विचारून सांगतो.