शेपटी नसलेली पाखरं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर सहीशिवाय फारसं काही लिहिलं नाही. हे मी शाई सांडून वाया गेलेल्या कार्डांच्या पाठीवर लिहिते आहे. कागद जाड आहे, पेन अडखळतं. पण कुणाला दाखवायचं नाही, तेव्हा चालून जाईल.

साताऱ्यात एका ताईंचं भेटवस्तूंचं दुकान आहे. वाढदिवसाची, दिवाळीची शुभेच्छाकार्डं त्या हातानं करून विकतात. रबरी शिक्क्यानं त्या कार्डावर चित्र उमटवायच्या आणि मी त्यावर दोऱ्यानं भरायची. फांदीवर बसलेल्या पाखराचा शिक्का माझ्याकडं जास्त यायचा. खाली घोंगडीची घडी घ्यायची, तिच्यावर कार्ड ठेवून सुईनं आधी नुसती भोकं पाडायची, मग दोरा ओढायचा. कापडावर टाका चुकला तर उसवता येतो. कागदावरचं भोक तसंच राहतं. मला चार माणसांत बोलायला जमत नाही. हे काम गप्प बसून होतं, म्हणून मला आवडायचं.

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, फौजेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. एकदा आम्ही सांगलीला वन्संकडं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीकडं गेलो होतो. सकाळी चहा पिताना त्यांच्या हातातली कपबशी पडली आणि उजवी बाजू लुळी झाली. जवळ जो खासगी दवाखाना होता तिथंच न्यावं लागलं. पैसे वन्संनी भरले. कुठून आणले ते बोलल्या नाहीत. त्यांच्या मनगटात नुसत्या काचेच्या बांगड्या दिसल्या, तेव्हा मला कळलं. पाटल्या गहाण पडल्या होत्या.

घरी आल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला. मालकांनी तो कोपऱ्यात भिरकावला. "मी काय रांगतं पोर हाय व्हय?" मग माझ्या पिशवीतला शिक्का दिसला तसे म्हणाले, "ते दे हिकडं. पलटणीच्या हापिसात लय शिक्के मारलेत. तुझ्या ताईंना सांग, नवा क्लार्क भरती झालाय."

ताई हो म्हणाल्या. मालक उजव्या हातावर डावा हात ठेवायचे आणि ओठ आवळून दाबायचे. अंगठ्याकडची बाजू उमटायची, करंगळीकडं जोर पोचायचा नाही. पहिल्या दिवशी नुसती चोच आली, मग अर्धं पोट; ती कार्डं फळीवर टाकली. पुढं पाखराची चोच यायची, डोकं यायचं, पोट यायचं. शेपटीच्या जागी कोरा कागद. एवढी कार्डं वाया कशी घालवायची? मी दोऱ्यानंच शेपट्या भरल्या. आखायला काही नव्हतं, त्यामुळं कुणाची लांब झाली, कुणाची पंख्यासारखी.

ती मी ताईंना नेऊन दिली. ताईंनी एकेक कार्ड उजेडात धरून बघितलं आणि पुढच्या खेपेला सांगितलं, "वहिनी, गिऱ्हाईक हीच मागतंय. प्रत्येक पाखराची शेपटी वेगळी!"

घरी सांगितलं तर मालक हसून हसून खोकले. "बघ, पाखराला अर्धांग झालं तरी खपतंय. आमालाच कुणी विचारीना."

कार्डांचे पैसे ते डब्यात ठेवायला लावायचे. बाकी काही नको होतं त्यांना, आक्काच्या हातात पाटल्या परत दिसल्या पाहिजेत, एवढंच.

त्या भाऊबीजेला वन्सं आमच्याकडं आल्या. ओवाळून झाल्यावर मालकांनी डब्यातले सगळे पैसे ताटात ठेवले. "आक्का, हे तुझं उसनं. निम्मं तरी फिटलं."

"ताटात पडलं ती ओवाळणी," वन्सं म्हणाल्या. "उसनं त्यात मोजत न्हाईत. पुना पयल्यापासनं."

"आगं, ही तर फसवणूक झाली!"

"व्हय, झाली. पलटणीत शिकवलं न्हाई तुला? फेडायचंच असंल तर उजव्या हातानं मोजून माज्या हातात दे. मग घीन."

मालकांनी हे मनावर घेतलं. दिवसभर शिक्के मारत बसायचे. माझी सुई मागं पडायची. मारलेलं कार्ड ते फळीवरच्या त्याच जुन्या कार्डांवर ठेवायचे, गठ्ठा वाढत गेला. पावसाळ्यात एक दिवस ओरडलेच, "ये हिकडं! शेपूट आलं!" पाखरू चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं उमटलं होतं. त्या दिवशी त्यांनी नोटाही मोजून बघितल्या. सावकाश, पण उजव्या हातानं.

थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला. या वेळी दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही.

गठ्ठा फळीवर तसाच होता. ताई म्हणाल्या, "राहू दे वहिनी, तुमच्याजवळ ठेवा." मलाही तेच हवं होतं. त्यांच्या हाताचं दुसरं काय होतं माझ्याकडं? पण वन्सं दिवसकार्याला आल्या, तेव्हा मनगटात त्याच काचेच्या बांगड्या होत्या. मी गठ्ठा खाली काढला.

वरची पाखरं अख्खी होती. जसजशी खालची घेत गेले, तशा शेपट्या पुसट झाल्या, मग गेल्याच. मग पोटही अर्धंच. एकेक कार्ड संपवताना त्यांचा हात माझ्यासमोर पुन्हा अधू होत गेला. अगदी तळाला पहिल्या दिवसाचं कार्ड होतं, त्यावर नुसती चोच. त्या चोचीला मी बाकीचं सगळं पाखरू दोऱ्यानं जोडलं आणि तेही दिवाळीच्या मालात दिलं. ताईंनी तसलीच आणखी मागितली. मी डाव्या हातानं शिक्का मारून बघितला. फरकाटला नुसता. माझा हात धड आहे, त्यांच्यासारखं उमटत नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी सांगलीला पोचले. सण नव्हताच. वन्सं गच्चीवर उभ्या राहून भावाच्या जागी चंद्राला ओवाळत होत्या. मी पदराखाली पैसे धरून जिन्यात थांबले. त्या वळल्या, मला बघितलं, माझा हात बघितला. ताट पुढं केलं असतं तर मी त्यातच ठेवले असते आणि पुन्हा पहिल्यापासून फेडत बसले असते. मनातून मला तेच हवं होतं.

त्यांनी निरांजन विझू दिलं. ताट कठड्यापाशी लांब ठेवलं आणि मोकळा हात माझ्यापुढं धरला.

"ववाळायला त्योच न्हाई, तवा आता ही फेडच म्हनायची. मोज बाई. उजव्या हातानं मोज."

मी मोजून एकेक नोट त्यांच्या हातावर ठेवत गेले. शेवटची ठेवल्यावर त्यांनी मूठ मिटली. सगळे पैसे फिटले.