ओटीतला कापूस

शेजारच्या गोठ्यात गाईसाठी कापसाची सरकी भिजत घातली आहे. तिचा तेलकट, उबट वास सकाळपासून ओसरीवर येतो आहे आणि माझं कशातच लक्ष लागत नाही. दोनदा पुस्तक उघडलं, दोनदा मिटलं. हा वास आला की मी पुन्हा मेडशीच्या बाजूच्या त्या खेड्यात जाऊन उभा राहतो. पंचविशीतला, इस्त्रीचा सदरा घातलेला, स्वतःवर भलताच खूश असलेला एक उपदेशक.

नगरच्या मिशननं मला तिथल्या प्रार्थनामंदिरात पाठवलं होतं. मंदिर कसलं, टिनाचं छप्पर आणि सारवलेली जमीन. भोवती नजर पोचेल तिथवर कपाशी. म्हातारी माणसं नेमानं येत. तरुण पोरंपोरी मात्र बाहेर बाभळीखाली बसून खंजिरी वाजवत. ती आत आली नाहीत तर हे मंदिर या म्हाताऱ्यांबरोबरच संपणार, हे मला दिसत होतं आणि जीव नुसता तळमळत होता. त्यावर मी उपाय काय काढला, तर माझी प्रवचनं आणखी घासूनपुसून, आणखी ग्रांथिक लिहू लागलो. काय अक्कल म्हणावी माझी!

तिथं एक रीत होती. पहिल्या वेचणीचा कापूस बायका लुगड्याच्या ओटीत भरून आणत, वेदीपुढे रिता करत आणि मनात असेल ते मोठ्यानं देवाला सांगत. त्या दिवशी तेवढ्यासाठी बाभळीखालची सगळी मंडळी आत आली होती. एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी पुढं झाली. तिचा भाऊ कामधंद्यासाठी गाव सोडून गेला होता आणि पुढं त्याचा काही ठावठिकाणा नव्हता. ओटी रिती करून ती छपराकडे बघत बोलू लागली, “देवा, माह्या भावाले घरी धाड. दोन सुग्या झाल्या, मी तुले रोज सांगून राह्यली. तू काहून आयकत नाई? आता पाय...”

‘आता पाहा’ म्हणून ती पुढं काही सांगणार, तोच मी तिला थांबवलं. देवाशी असं भांडल्यासारखं बोलू नये, म्हणालो, आणि प्रार्थनेचं पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं ते उघडलंही नाही. अलगद वेदीवर ठेवलं आणि बाहेर गेली. तिच्यामागून सगळेच गेले.

पुढच्या रविवारी बाभळीखालीसुद्धा कुणी नव्हतं. घंटा वाजवणारा म्हातारा दोर गुंडाळता गुंडाळता मला एवढंच म्हणाला, “मास्तर, तिच्या आन् देवाच्या मधात तुमी कायले पडले?”

हा प्रश्न अजून मला बसू देत नाही. त्या आठवड्यात मी पुस्तक घरी ठेवलं आणि वेचणीला गेलो. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघाली. ‘करून राह्यलो’, ‘जाऊन राह्यलो’ असं काहीबाही बोलायला लागलो की पोरं पोट धरून हसत, आणि मग न विचारता पुढचं शिकवत. दोन महिन्यांनी एका रविवारी मी त्यांच्या बोलीत प्रार्थना केली, देवा, मी चुकलो, मले समजून घे म्हणून. भर प्रार्थनेत खसखस पिकली. पण पोरं हसली ती आत बसून हसली, खंजिरीसकट. इतकं बरं मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

ती मुलगीही येई. मागच्या भिंतीशी बसे, गाण्यात सूर धरी. मोठ्यानं मात्र कधी बोलली नाही. दुसऱ्या वर्षीचा कापूस तिनं मुकाट्यानं वेदीपुढे ओतला. भाऊ आलेला नव्हता. माझी बदली ठरली होती, म्हणून मी धीर करून तिला गाठलं. माझं चुकलं, म्हटलं, आणि त्या दिवशी पुढं काय सांगायचं होतं ते आज तरी सांग. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, “थे त्या दिवसाचं होतं, मास्तर.”

आता नवे उपदेशक माझ्याकडे येतात. तरुणांना आत कसं आणावं, विचारतात. त्यांच्या बोलीत बोला, त्यांच्याबरोबर राबा, मी सांगतो. ते मान डोलावतात आणि जातात. मी मात्र उठून ओसरीवर येरझारा घालू लागतो. भाषा शिकलो मी, अगदी चांगली शिकलो. जिच्याकडून ऐकायची होती ती गप्प झाल्यावर शिकलो.