फी माफ असणाऱ्यांनी उभं राहावं

"जिनकी फीस माफ है, वो सब खड़े हो जाओ."

डायरेक्टर सर माइकवर बोलले. कॉलेजचा हॉल खच्चून भरलेला. फी पुन्हा वाढली म्हणून पोट्टे गेटवर बसले होते, त्यायलेच समजवाले ही सभा. आम्ही सात-आठ जण उठलो. मले वाटलं, आमच्या भल्याचं काही सांगतील. येडी होती मी.

"पूछ रहे थे ना, फीस क्यों बढ़ी? देख लो. इन्हीं का बोझ उठा रहे हो आप लोग."

साऱ्यायचे डोळे आमच्यावर. बसा म्हणून कोणी म्हणेच ना. कान तापले, तरी मी उभीच. मुकाट्यानं ऐकाची सवय अंगातच भिनलेली. बाजूले नेहा होती, माझी मैत्रीण, रोज माझ्या डब्यातली वांग्याची भाजी खाणारी. हळूच म्हणाली, "पहले बता देती यार. तेरी फीस हम भर रहे थे?"

सरायचं बोलणं एखादवेळी विसरली असती. नेहाचं नाही विसरत.

माफी घ्याची हौस नव्हती मले. आजोबा भंडाऱ्याहून इथं रेल्वेत गँगमन म्हणून आले. बाबा रायपुरातच जन्मले, रेल्वेतच लागले. मंग राज्य नवं झालं, आमचं शहर राजधानी झालं. स्कॉलरशिप मागाले गेलो तं बाबू म्हणे, तुम्ही बाहेरचे, तुमचं जातीचं सर्टिफिकेट इथं चालत नाही. भंडाऱ्याले गेलो तं तिथले म्हणे, तुम्ही इथं राहत नाही. जात मात्र दोन्हीकडं बरोबर ओळखली.

मंग या प्रायव्हेट कॉलेजनं अर्धी फी माफ केली. तेही फुकटात नाही. उन्हाळ्यात आमाले ऑफिसात बसवून अ‍ॅडमिशनचे फोन कराले लावत. पगाराचं विचारलं तं म्हणत, तुम्ही फीमाफीवाले ना?

थोड्याच दिवसांनी पालकसभा झाली. आता मायबाप भडकले होते. सरायनं बाबाले मुद्दाम बोलावलं. बाबा ड्युटी बदलून आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सरायनं आमाले दोघाले स्टेजवर घेतलं अन् माइक माझ्या हातात दिला.

"बोलो बेटा, फीस नहीं बढ़ती तो तुम पढ़ पाती?"

बाबा हात जोडून उभे. युनियनच्या मोर्च्यात सगळ्यायच्या पुढं घोषणा देणारा माझा बाप. ते जोडलेले हात पाहिले अन् माझं डोकं सटकलं.

म्हटलं, "सर, इनकी फीस मेरी वजह से नहीं बढ़ी. मैंने पूरी गर्मी आपके ऑफिस में मुफ्त काम किया है. हमको पढ़ाना सरकार का काम है, इन लोगों का नहीं. मुझे माफी नहीं चाहिए. पापा, हाथ नीचे करो."

बाबानं हात खाली नाही केले. काय करावं, त्यायले कळूनच नाही राहिलं होतं. टाळी कोणी वाजवली नाही. नेहा आपल्या मायजवळ बसून मोबाइल पाहत होती.

परत येताना तेलीबांध्याच्या तलावापाशी बाबानं स्कूटर थांबवली.

"काहून बोलली बाई? एकच वर्ष तं राहिलं होतं."

"तुम्ही हात काहून जोडले?"

त्यायनं स्कूटरले किक मारली. त्या दिवसाबद्दल अजूनही बोलत नाहीत.

माफी रद्द झाली. पूर्ण फी कुठून आणाची? शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. फी काही कमी झाली नाही. गेटवर बसणारे पोट्टे पास होऊन पुण्याले, बंगलोरले गेले. मी इथंच पंडरीच्या बाजारात कपड्याच्या होलसेल दुकानात बिलं बनवते. काही बदललं नाही, बदलेल असंही वाटत नाही. खोटं कायले सांगू?

यंदा लहान बहीण बारावी झाली. आई रोज म्हणते, "जाय, सरायच्या पाया पड. हिची तरी माफी करून घे."

नाही पडत. बहिणीलेही समोर बसवून सांगितलं. शिक्षण मागू, सरकारच्या दारात बसून मागू, हाकललं तरी फिरून मागू. नाही भेटलं तं माझ्या दुकानात ये. पण कोणी "खड़े हो जाओ" म्हटलं तं उठाचं नाही. बसून राहाचं.