एक बोट जास्त

अण्णा आता आजोबा झाला, गुडघ्यांनी बेजार आहे. सगळे मला म्हणतात, नीलाबाई, जाऊ दे ना, झालं ते झालं. का म्हणून जाऊ देऊ? माझं अख्खं वर्ष त्यानं खाल्लं. मी ते त्याला पचू दिलं नाही, एवढंच.

लातूरला मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमची आडत, दलालीचं दुकान. वडील महादेवप्पा, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो आणि आईला अव्वा. थोरला भाऊ शिवमूर्ती, तो अण्णा. बी.कॉम.ला मला फर्स्ट क्लास आणि अण्णाला रडतखडत पास क्लास. दोघांनाही एमबीए करायचं होतं, त्याची प्रवेश परीक्षा औरंगाबादला असायची. पहिल्या वर्षी दोघांनी फॉर्म भरले. अण्णाचं हॉलतिकीट आलं, माझं काही आलं नाही. पोस्टमनला रोज विचारून विचारून मी भंडावून सोडलं. अण्णा एकटाच गेला आणि नापास होऊन आला. चार महिन्यांनी दुकानातली गादी उन्हात टाकायला काढली, तर खोळीतून माझं हॉलतिकीट पडलं. बरोबर माझ्या फोटोवर घडी पाडलेली. दुकानाचं टपाल अण्णाच घ्यायचा.

मी रडले नाही. हॉलतिकीट वहीत ठेवलं आणि मनात म्हटलं, थांब बेट्या.

लातूरचा जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कलेक्टर आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या, पाऊस तेवढा आला नाही. टँकरसाठी तास-तासभर रांगेत उभं राहायचं. त्यातच अण्णानं मुंबईहून सरावाच्या प्रश्नांचं पुस्तक मागवलं. पार्सल अप्पांनी फोडलं. मागची उत्तरांची पानं कापली आणि तिजोरीत टाकली. मोंढ्याची रीतच ती. नमुना आधी कुलपात ठेवायचा, म्हणजे मागून कुणी माल बदलायला नको.

"असल्या दुष्काळात एकालाच धाडीन," अप्पा म्हणाले. "महिन्यानं ह्याच पुस्तकातनं मी परीक्षा घेतो. जो जिंकंल तो जाईल."

अण्णा हसला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अप्पा पोरीला कुठं धाडत असतेत! तू रांगेत नुसती उभीच राहतीस, प्रश्न सोडव आन् उत्तरांचे आकडे कागदावर लिहून दे. मी पाठ करतो."

"हाव अण्णा," मी म्हणाले. लई गोड आवाजात म्हणाले.

प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असायचे. कोरड्या घागरीवर पुस्तक ठेवून मी सोडवत बसायची. दोन नळांनी हौद किती तासांत भरेल? मागं उभी असलेली गुणाबाई म्हणायची, "पोरी, तुझ्या पुस्तकातल्या नळाला तरी पाणी हाय!" उत्तर दोन आलं की अण्णाच्या कागदावर मी तीन लिहायची. तीन आलं की चार, पाच आलं की एक. संध्याकाळी अण्णा घोकायला बसायचा, "सत्तावीसचं चार, अठ्ठावीसचं एक," आणि अव्वा कौतुकानं त्याला दूध द्यायची. मला इतकं हसू यायचं की ओढणी तोंडात कोंबावी लागायची. पाप वाटलं का? अजिबात नाही.

परीक्षेचा दिवस आला. अप्पांना इंग्रजी यायचं नाही, आकडे यायचे. मोंढ्यात भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली समोरच्याची बोटं धरून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. अप्पांनी तीच तऱ्हा लावली. उजवीकडं अण्णा, डावीकडं मी, दोन्ही हातांवर रुमाल, पुस्तक समोर उघडं. मुनीम शेषेराव प्रश्नाचा नंबर सांगायचे, आम्ही बोटं धरायची, अप्पा दोघांचे आकडे बोलायचे आणि शेषेराव लिहून घ्यायचे. वीस प्रश्न झाले, मग तिजोरीतली उत्तरांची पानं काढून शेषेरावांनी ताळा केला.

"ताईची अठरा बरोबर," शेषेराव म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "शिवमूर्तीचं एक बी न्हाई."

अप्पा हसले नाहीत. "डोळे झाकून बोटं धरली असती तरी तीन-चार बरोबर आली असती. नीले, तू दोन धरलीस तिथं ह्यानं तीन धरली. तुझी तीन तिथं ह्याची चार, तुझी पाच तिथं फिरून एक. दर खेपेला एक बोट जास्त. ही चूक न्हाई, ही दगाबाजी हाय. कुणी केली?"

गेलं म्हटलं, हेही वर्ष गेलं.

"हिनंच!" अण्णा ओरडला. "हिनंच मला लिहून दिलं होतं!"

"म्हणजे तू एक बी प्रश्न सोडवला न्हाईस?" अप्पांनी विचारलं.

मी वहीतून जुनं हॉलतिकीट काढून गादीवर ठेवलं. "हे ह्याच गादीच्या खोळीत होतं, अप्पा. टपाल कोण घेतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

अप्पा फोटोवरची घडी अंगठ्यानं सरळ करत राहिले. ती होईना.

"नीला जाईल," ते शेवटी म्हणाले. "शिवमूर्ती, रोज पोस्टात तू जायचं. तिचं हॉलतिकीट आलं की तिच्या हातात द्यायचं." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् तू. माझ्या रुमालाखाली खोटा माल आणलास. पुन्हा ह्या गादीवर बसायचं न्हाई." ते मला लागलं. अजून लागतं.

वीस दिवसांनी अण्णा टँकरच्या रांगेत आला. हातात पाकीट होतं. "घे," तो म्हणाला.

मी हात मागं घेतले. "वाच."

"नीले, लोकं बघायलेत."

"म्हणूनच म्हणते. वाच."

त्यानं पाकीट फोडलं. "कुमारी नीला महादेवप्पा..." पुढचं तो पुटपुटला.

"मोठ्यानं वाच रे बाबा," गुणाबाई म्हणाली, "मागं ऐकू यायलं न्हाई."

त्यानं परत पहिल्यापासून वाचलं. नाव, नंबर, केंद्र, तारीख, सगळं. मी हॉलतिकीट घेतलं, रिकामी घागर त्याच्या हातात दिली आणि घरी अभ्यासाला गेले. रांगेत आमचा नंबर एकेचाळिसावा होता.