गायरानातली पहिली चूल

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकच निर्णय घेतला, आणि तोही कमेटीच्या दफ्तरात कुठे नोंदलेला नाही. बाकी सगळा जन्म त्यांनी दोन गोष्टींच्या मधोमध आणि अगदी सुखात काढला. बाजाराच्या दिवशी दोन हातांत दोन वांगी घेऊन ते उभे राहिले, की वांगेवाली बाकीची गिऱ्हाइकं उरकून घ्यायची, तंबाखू मळायची, शेजारणीशी एखादं भांडणसुद्धा पुरं करायची. मग तीच त्यांच्या एका हातातलं वांगं काढून घेऊन म्हणायची, "हे ठेवा बाप्पा, बाई रागावणार नाई." सासरे एवढ्या कृतज्ञतेने तिच्याकडे बघत, की वाटावं हिने यांची दहा वर्षांची दिवाणी निकालात काढली. एकदा खामगावला लग्नाला निघाले. जलंबला गाडी बदलायची होती. तिथे त्यांना आठवलं की भुसावळकडचा चुलतभाऊही कधीचा बोलावतो आहे. खामगावची गाडी एका अंगाला उभी, भुसावळची यायच्या बेतात. हे मधल्या बाकावर बसून दोन्हींचा विचार करत राहिले. दोन्ही गाड्या निघून गेल्यावर त्यांनी शांतपणे शिदोरी सोडली, दशम्या खाल्ल्या आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आले. लग्न कसं झालं, असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, "बरं झालं असंल."

माझं लग्नही याच कचाट्यात सापडलं होतं. मी गावातल्या शाळेत मास्तर, आणि पिंपळगाव राजाकडचं दुसरं एक स्थळ, चार बैलजोड्यांचं. दोन्ही स्थळं पाहून झाली, आणि सासरे नेहमीप्रमाणे "पाहून राह्यलो" म्हणू लागले. हे त्यांचं पालुपद होतं. कुणी काही विचारलं की पहिलं उत्तर "पाहून राह्यलो" आणि शेवटचं "तेही खरं हाय". असे सहा महिने गेल्यावर सासूबाईंनीच एके दिवशी परस्पर माझ्या घरी नारळ पाठवला. सासऱ्यांनी मांडवात माझे पाय धुतले, माझ्याकडे प्रेमाने पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जवाईबापू, तोही पोरगा बरा होता." यात कुजकेपणा नव्हता हे मला पुढे कळलं. त्यांना खरोखरच दोघेही बरे वाटत. जगात एक गोष्ट चांगली म्हणून दुसरी वाईट कशी ठरते, हे त्यांना कधी उमगलंच नाही.

असा माणूस कमेटीचा अध्यक्ष कसा झाला, असं बाहेरगावचे लोक विचारत. गावात कुणी विचारत नसे, कारण गावाला ते ठाऊक होतं. आमच्या नगरपालिकेला सगळे कमेटीच म्हणत. तिच्यात दोन पक्ष होते, एक कापसातली सरकी काढायचं जिन चालवणाऱ्या शेठजींचा आणि दुसरा दवाखान्याच्या डॉक्टरांचा. शेठजींचा माणूस डॉक्टरांना नको, डॉक्टरांचा शेठजींना नको. मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं, की ज्याच्याकडून कुणाच्याच विरुद्ध काही व्हायची धास्ती नाही असा एकच सज्जन गावात आहे. सासरे एकमताने निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीत बाजारातला हौद पूर्वेला बांधायचा की पश्चिमेला, यावर इतक्या सभा झाल्या की शेवटी लोकांनी ठरावाची वाट न पाहता विहिरीवरच भागवलं. सभांचं टिपण लिहायचं काम शाळामास्तर म्हणून माझ्याकडे असे. ते फार सोपं होतं, कारण शेवटची ओळ मी आधीच लिहून ठेवी: विषय पुढील सभेकडे ठेवला.

आणि अशा गावात प्लेग आला. ऐन कापसाच्या हंगामात जिनाच्या आवारात उंदीर पडू लागले. टोचणीवाले आले तेव्हा अध्यक्षांनी पहिली सुई घ्यावी असं ठरलं. हे डाव्या हाताला घ्यावी की उजव्या, या विचारात दोन्ही अस्तन्या वर सारून बसले. डॉक्टर घाईत होते. त्यांनी जो जवळ होता त्या दंडात सुई खुपसली. गाव खूप हसलं. पण दोनच दिवसांनी जिनामागच्या मजुरांच्या गल्लीत गाठ निघाली, दोन घरांतली माणसं गेली, आणि हसणं थांबलं.

आमच्याकडे प्लेगावर एकच खात्रीचा उपाय होता. गाव सोडायचं आणि रान गाठायचं. ज्यांची वावरं होती त्यांची काळजी नव्हती, ते आपापल्या मळ्यात झोपड्या घालणार. प्रश्न होता गल्लीतल्या लोकांचा. त्यांना ना वावर ना बैलगाडी. कमेटीने गायरान मोकळं करून दिलं, आणि कोंडवाड्यात कुलूपबंद ठेवलेले बांबू नि तट्टे वाटले, तरच त्यांच्या डोक्यावर बाहेर छप्पर येणार. शिवाय गावात एक समजूत होती. गाव बाहेर पडताना जो पहिली चूल पेटवतो, त्याचा धूर मरीआई पाहते आणि त्याच्याच मागे जाते, असं म्हणत. मागच्या खेपेला पहिली चूल ज्यांनी मांडली त्यांचा कर्ता मुलगा गेला, ही गोष्ट म्हातारी माणसं अजून नावानिशी सांगत. त्यामुळे मळेवालेसुद्धा गाड्या भरून, बैल जुंपायचे बाकी ठेवून, एकमेकांच्या दाराकडे बघत बसले होते. मी शाळेत मुलांना हे सगळं थोतांड आहे म्हणून ठणकावून सांगत असे. आमची चूल मात्र मी काही बाहेर हलवली नाही.

सभा भरली. डॉक्टर म्हणाले की आज गाव रिकामं केलं नाही तर आठ दिवसांनी गल्लीच रिकामी होईल. सासरे म्हणाले, "खरं हाय." शेठजी म्हणाले की गाव उठलं तर कापसाच्या गाड्या खामगावकडे वळतील, एकदा वळलेल्या गाड्या परत येत नाहीत, आणि मग हीच गल्ली उपाशी मरेल. सासरे म्हणाले, "तेही खरं हाय." मतं घेतली तर अर्धी इकडे, अर्धी तिकडे. आता अध्यक्षांचं एक मत ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकणार होती. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "जागा पाहिल्याबिगर कसं सांगू? उद्या गायरान पाहून येतो." डॉक्टर हात जोडून उठून गेले. मला स्वतःला सासऱ्यांचा इतका राग कधी आला नव्हता. घरी जाऊन मी बायकोला म्हटलं, तुझे वडील यमालाही पुढच्या सभेला बोलावतील. ती म्हणाली, बोलावतील, आणि तो येईलही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन गायरानावर गेले. मला वाटलं, घटकाभरात परत येऊ. पण झोपड्यांची तोंडं नाल्याकडे असावी की बाभळींकडे, हा प्रश्न निघाला. नाल्याकडे पाणी जवळ, बाभळींकडे सावली. ते इकडून तिकडे चालत, थांबत, वारा बघत, माती हातात घेत. दुपार कलली. त्यांना जेवणाची वेळ चुकलेली खपत नसे. तेवढी एकच बाब त्यांच्या लेखी वादातीत होती. त्यांनी वाटेने जाणाऱ्या एका गुराख्याजवळ घरी निरोप धाडला, की कोरडा शिधा घेऊन इकडेच ये. सासूबाई आल्या त्या तरातरा. डोक्यावर पाटी, पाटीत पीठ, बेसन, तवा आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांची मोळी. आल्या आल्या तीन दगड गोळा करून बसल्या, पऱ्हाट्या मोडल्या आणि आगपेटी काढली.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गावाबाहेरची पहिली चूल आता पेटणार आहे. सासूबाईंच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण काडी हातात धरून त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात सासरे, जे बाभळींपाशी उभे राहून नाल्याकडे बघत होते, ते झपझप चालत आले. ते झपझप चालू शकतात हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी बायकोच्या हातातून आगपेटी काढून घेतली.

"तू नको लावू," ते म्हणाले. "सरक. मी लावतो."

सासूबाई म्हणाल्या, "तुमाले येते का चूल पेटवता?"

"नाई येत," ते म्हणाले, आणि उकिडवे बसले.

खरंच येत नव्हती. स्वयंपाकघराचा उंबरठा त्यांनी जेवायचं पान वाढल्याशिवाय कधी ओलांडला नव्हता. पहिली काडी वाऱ्याने विझली, दुसरी मोडली, तिसरीने बोट भाजलं. मी पुढे झालो तर त्यांनी हातानेच मला मागे सारलं. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं, मिशा राखेने भरल्या, पण शेवटी पऱ्हाट्यांनी पेट घेतला आणि पांढरा धूर सरळ वर चढला. सासरे त्या धुराकडे मान वर करून बघत राहिले. मग कनवटीची कोंडवाड्याची किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जवाईबापू, लवकर जा."

धूर वेशीवरून दिसलाच होता. मी गावात पोहोचलो तोवर बैल जुंपले गेले होते. पहिल्या चुलीला सगळे भीत होते, दुसऱ्या चुलीसाठी मात्र मारामारी झाली. जो तो म्हणे, आपली दुसरी. कोंडवाडा उघडला, गल्लीतल्या लोकांनी बांबू खांद्यावर घेतले, आणि दिवेलागणीपर्यंत गायरानात नाल्याकडे तोंडं केलेल्या झोपड्यांची एक रांग आणि बाभळींकडे तोंडं केलेल्या झोपड्यांची दुसरी रांग उभी राहिली. तेवढ्या बाबतीत सासरे सासरेच होते. शेठजी छकड्यातून तावातावाने आले आणि ठराव कुठे आहे म्हणून विचारू लागले. सासरे भाकर मोडत होते. ते म्हणाले, "ठराव पाहून राह्यलो, शेठजी. बसा, बेसन गरम हाय." शेठजी थोडा वेळ उभे राहिले, मग बसले. चार दिवसांनी त्यांचंही बिऱ्हाड तिथेच होतं, आणि कापसाच्या काही गाड्या खामगावला गेल्या त्या गेल्याच. तेही खरंच होतं.

आठवड्याने सासऱ्यांना ताप भरला. सगळं गायरान चिडीचूप झालं. लोक त्यांच्या झोपडीवरून जाताना आवाज न करता जात. सासूबाई उशाशी बसल्या त्या हलल्या नाहीत. डॉक्टरांनी काखा नि जांघा तपासल्या. गाठ नव्हती. खोदून खोदून विचारल्यावर कळलं, की झोपडीत डाव्या अंगाला निजावं की उजव्या हे न ठरल्यामुळे हे सात रात्री दारातच निजले होते आणि त्यांना गार वारा बाधला होता. डॉक्टर इतके हसले की त्यांना खाटेचा आधार घ्यावा लागला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या उठून झोपडीमागे गेल्या आणि पदर तोंडावर घेऊन पोटभर रडल्या. जिनामागच्या गल्लीतलं त्यानंतर एकही माणूस दगावलं नाही.

गाव परत आल्यावर पहिल्याच सभेत बांबूंच्या वाटपाला मागाहून मंजुरी द्यायचा विषय निघाला. सासरे म्हणाले, पाहू. मी शेवटची ओळ लिहिली.

ते पुढे बरीच वर्षं जगले आणि म्हातारपणाने गेले. जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी पेज देऊ की दूध, असं विचारलं. ते म्हणाले, "तू सांग." नंतर नंतर सासूबाई आमच्याकडेच असत. बाजारातून मी वांगी आणली की त्या उलटसुलट करून बघत, नाक मुरडत, आणि मग हटकून गायरानातली ती दुपार निघे. त्या ती तक्रारीच्या सुरातच सांगत. म्हणत, "पुऱ्या जन्मात त्यायनं मले न इचारता एकच काम केलं." आणि मग चूल पेटलेली असली तरी पुन्हा एकदा फुंकणीने तिच्यात फुंकर घालत.